हुजूरबाजारांचे गणित, नारळीकरांचा फुगा

जयंत नारळीकरांच्या आत्मचरित्राचे नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’. ही चार नगरे म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. ज्या गावात १९ जुलै १९३८ रोजी त्यांचा जन्म झाला ते कोल्हापूर या चारांत नाही. कोल्हापूरकरांनी याचे वाईट वाटून घेऊ नये. सूर्यमालेबाहेर आपल्यासारखी विचार करणारी कोणी मंडळी असण्याची शक्यता किती, हा प्रश्न सोडवायला दोन गोष्टी लागतात. एक, शक्यता मोजण्याचे शास्त्र आणि दुसरी, आकाशात जाऊन शोधण्याची जिद्द. या दोन्ही गोष्टी कोल्हापूरच्या एकाच नातेसंबंधात सापडतात. जिद्द भाच्याची, म्हणजे नारळीकरांची. शास्त्र मामांचे, म्हणजे संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार यांचे.

भाच्याचे नाव घरोघरी पोचले. मामांचे नाव संख्याशास्त्राच्या वर्गाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि ते न्याय्य म्हणता येणार नाही. १९१९ साली जन्मलेले हुजूरबाजार केंब्रिजला सर हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली शिकले. १९४९ मध्ये त्यांना तिथली डॉक्टरेट मिळाली. पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला आणि १९७४ मध्ये ते पद्मभूषण झाले. त्यांचे गुरू जेफ्रीज हे भूगर्भ आणि ग्रहांचे अभ्यासक. अपुऱ्या माहितीवरून जास्तीत जास्त प्रामाणिक अंदाज कसा बांधायचा, यावर त्यांनी १९३९ मध्ये लिहिलेला ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो. परग्रहवासीयांच्या प्रश्नात माहिती जितकी अपुरी आहे तितकी दुसऱ्या क्वचितच कुठल्या प्रश्नात असेल.

या प्रश्नाला आकड्यांचे रूप मिळाले ते १९६१ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेत. त्याच्या आदल्या वर्षी फ्रँक ड्रेक या तरुण खगोलशास्त्रज्ञाने तिथल्या रेडिओ दुर्बिणीने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन जवळच्या ताऱ्यांकडे कान लावून पाहिले होते. हाती काही लागले नव्हते. तरीही जेमतेम दहाबारा शास्त्रज्ञांची एक बैठक बोलावण्यात आली. त्यात कार्ल सेगन होते, डॉल्फिनची भाषा समजून घेऊ पाहणारे जॉन लिली होते आणि मेल्विन कॅल्विन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. कॅल्विन यांना नोबेल मिळाल्याची बातमी बैठक चालू असतानाच येऊन थडकली. चर्चेला काही शिस्त असावी म्हणून ड्रेक यांनी फळ्यावर सात राशींचा गुणाकार मांडला. तेच पुढे ड्रेक समीकरण म्हणून गाजले.

समीकरण साधे आहे. आपल्या आकाशगंगेत दरवर्षी किती नवे तारे जन्मतात, त्यांपैकी कितींना ग्रह असतात, एकेका ताऱ्याभोवती जीवनाला पोषक असे किती ग्रह असतात, त्यांतल्या कितींवर जीव खरोखर उगवतो, त्या जीवांतून कितीदा बुद्धी निपजते, बुद्धिमंतांपैकी कितीजण दूरवर संदेश धाडण्याइतके तंत्र कमावतात आणि ते तंत्र किती वर्षे टिकते. सातही उत्तरे एकमेकांशी गुणली की या क्षणी आकाशगंगेत बोलू शकणाऱ्या संस्कृती किती, हा आकडा मिळतो.

आता गुणून पाहू. वर्षाला दोन तारे, जवळपास प्रत्येकाला ग्रह, पाच ताऱ्यांमागे एक पोषक ग्रह. इथपर्यंत फारसे कोणी भांडणार नाही. पुढे जीव आणि बुद्धी दोन्ही हमखास येतात असे धरले, दहातल्या एकाने रेडिओ शोधला आणि तो दहा हजार वर्षे चालवला, तर उत्तर येते ४००. बाकी सगळे तसेच ठेवून जीव हजारातून एकाच ग्रहावर आणि बुद्धी हजारातून एकाच जीवसृष्टीत उगवते असे धरले, तर उत्तर येते ०.०००४, म्हणजे या आकाशगंगेत दुसरे कोणी असेलच याची आशा ठेवायला जागा नाही. दोन्ही गृहीतके तितकीच सभ्य दिसतात. ग्रीन बँकच्या बैठकीतही अंदाज एक हजार ते दहा कोटी इतका पसरला होता. लोक या समीकरणाला सूत्र म्हणतात खरे, पण तो आपल्या अज्ञानाचा नीट लावलेला तक्ता आहे. ड्रेक यांनीही ते चर्चेचे मुद्दे म्हणूनच मांडले होते.

साठ वर्षांत या तक्त्याचे पहिले तीन रकाने मात्र खरोखर भरत आले. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलो यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधला. त्याबद्दल त्यांना २०१९ चे नोबेल मिळाले. २०२५ मध्ये अशा बाह्यग्रहांची नोंद सहा हजारांवर गेली. त्यांत भारताचाही हात आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या वेधशाळेतल्या ‘पारस’ या वर्णपटमापकाने २०१८ मध्ये सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहाचे वजन केले. ते पृथ्वीच्या २७ पट भरले.

यातले बहुतेक ग्रह कसे सापडले हे कोल्हापूरकरांना समजावणे सोपे आहे. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. जानेवारीअखेर आणि नोव्हेंबरात, वर्षातून मोजकेच दिवस, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरतात आणि पायांपासून चढत मूर्तीच्या मुखापर्यंत जातात. सूर्य रोजच मावळतो, पण सूर्य, दार आणि मूर्ती एका रेषेत यायला हवीत. वाटेत एखादी इमारत आली तरी किरणे अडतात. ग्रह शोधणाऱ्या केप्लर या अवकाश दुर्बिणीलाही अशीच रेष लागत होती. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून बरोबर आपल्या दृष्टिरेषेत गेला तरच ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो आणि ग्रहाचा पत्ता लागतो. आपल्या पृथ्वीचेच घ्या. दूरच्या ताऱ्यांवर निरीक्षक विखुरलेले आहेत असे मानले, तर त्यांच्यातल्या साधारण २१५ पैकी एकालाच ती सूर्यासमोरून जाताना दिसेल, आणि त्यालाही सूर्याच्या उजेडात एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी घट आढळेल. म्हणून एक ग्रह दिसला की न दिसलेल्या कित्येकांचा हिशेब धरावा लागतो. तसा हिशेब करून २०२० मध्ये केप्लरच्या नोंदींवरून एक अंदाज निघाला. सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती, पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा अंतरावर, पृथ्वीसारखे खडकाळ ग्रह आपल्या आकाशगंगेत तीस कोटी तरी असावेत.

तीस कोटी हा आकडा ऐकून अनेकांचा धीर वाढतो. इतक्या जागा रिकाम्या कशा असतील, हा युक्तिवाद व्याख्यानांत हमखास टाळ्या घेतो. नेमका इथेच मामांचा धडा आठवावा लागतो.

१९४८ मध्ये हुजूरबाजारांनी एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता महत्तम संभाव्यतेची पद्धत. आपण जे पाहिले ते ज्या गृहीतकाखाली सर्वांत सहज घडले असते, ते गृहीतक स्वीकारायचे, ही या पद्धतीची कल्पना. शंभर आंब्यांतले वीस नासके निघाले तर ढिगातला प्रत्येक पाचवा आंबा नासका असावा असे आपण म्हणतो, तेही याच पद्धतीने. या मार्गाने काढलेले उत्तर खऱ्या आकड्याकडे सरकत जाते आणि असे उत्तर एकच असते, हे हुजूरबाजारांनी काटेकोरपणे दाखवून दिले. मात्र त्याला एक अट आहे. निरीक्षणांची संख्या वाढत गेली पाहिजे.

आणि जीवसृष्टीच्या बाबतीत आपल्यापाशी निरीक्षण आहे एकच, ते म्हणजे पृथ्वी. त्यातही गोम अशी की हे एक निरीक्षण आपण निवडलेले नाही, त्यानेच आपल्याला घडवले आहे. जीव दर दहा ग्रहांपैकी एकावर उगवत असो की दहा अब्जांपैकी एकावर, हा प्रश्न विचारणारा माणूस नेहमी त्या जमलेल्या ग्रहावरच बसलेला असणार. मग ‘आपल्याकडे जीव आहे’ ही गोष्ट कुठल्याच आकड्याच्या बाजूने साक्ष देत नाही. तीस कोटी जागा रिकाम्या कशा राहतील, याचे संख्याशास्त्रीय उत्तर ‘खुशाल राहतील’ असेच आहे. एकेका जागेवर जीव उगवण्याची शक्यता तीस कोटींत एकाहूनही कमी असू शकते.

मग हातावर हात धरून बसायचे का? तसेही नाही. एका उदाहरणातूनही थोडे पिळून काढता येते, कारण त्या उदाहरणाला कालक्रम आहे. पृथ्वीचे वय साडेचार अब्ज वर्षे. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या खुणा मिळतात, म्हणजे जीव लवकर उगवला. आकाशाकडे पाहून प्रश्न विचारणारा माणूस मात्र अवघ्या तीन लाख वर्षांचा, म्हणजे अगदी शेवटच्या घटकेला आलेला. आणखी साधारण एक अब्ज वर्षांत सूर्य इतका तापेल की पृथ्वी राहण्याजोगी उरणार नाही. कोलंबिया विद्यापीठातले डेव्हिड किपिंग यांनी २०२० मध्ये या वेळापत्रकावर बेझच्या पद्धतीने, म्हणजे हुजूरबाजारांचे गुरू जेफ्रीज ज्या परंपरेचे अध्वर्यू होते त्या परंपरेने, हिशेब केला. पृथ्वीचा इतिहास पुन्हा पहिल्यापासून चालवला तर जीव चटकन उगवण्याच्या बाजूने तीनास एक अशी पैज निघाली. बुद्धीच्या बाबतीत मात्र ती दुर्मीळ असण्याकडे कल होता, तोही तीनास दोन इतकाच पुसट. एवढ्या भांडवलावर ना होकार ठोकता येतो, ना नकार.

दोन वर्षे आधी ऑक्सफर्डच्या तिघा अभ्यासकांनी वेगळी वाट धरली होती. प्रत्येक राशीसाठी एकच आकडा न घेता त्यांनी आजच्या अज्ञानाचा सगळा पल्ला गणितात घातला. निष्कर्ष असा की आकाशगंगेत आपण एकटेच असण्याची शक्यता कमीत कमी ५३ आणि जास्तीत जास्त ९९.६ टक्के. १९५० मध्ये एन्रिको फर्मींनी जेवणाच्या टेबलावर, मग ही मंडळी आहेत कुठे, असे विचारून सहकाऱ्यांना निरुत्तर केले होते. या तिघांच्या मते त्यात कोडे असे काही नाहीच. अज्ञान प्रामाणिकपणे मोजले तर ओसाड आकाशाचे आश्चर्य वाटायला नको.

नारळीकरांचे वेगळेपण इथे कळते. कथा-कादंबऱ्यांत त्यांनी परग्रहवासीयांना मोकळेपणाने येऊ दिले, ‘प्रेषित’ ही कादंबरी त्याची साक्ष आहे. पण शास्त्रज्ञ म्हणून त्यांना बसल्या जागी अंदाज बांधण्यात रस नव्हता. दावा तपासता येतो का, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. फलज्योतिषाबाबतही त्यांनी तेच केले. मामांनी उभारलेल्या विभागातलेच प्राध्यापक सुधाकर कुंटे, तसेच नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या मुलांच्या पत्रिका ज्योतिषांपुढे ठेवल्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश सरासरी ४६ टक्के भरले. नाणे उडवूनही एवढे साधते.

नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल आणि हॉयल यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचे म्हणणे होते की जीव पृथ्वीवर उगवलाच नाही. सूक्ष्मजीव धूमकेतूंबरोबर अवकाशातून आले आणि आजही येत असावेत. बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी हे हसण्यावारी नेले. नारळीकरांनी त्यावर विचार केला तो असा: येत असतील तर वाटेत गाठता येतील. जमिनीवरची धूळ सहसा जिथे पोचत नाही अशा उंचीवरची हवा खाली आणून पाहावी.

इस्रोच्या पाठबळाने पहिला फुगा २००१ च्या जानेवारीत हैदराबादेहून सुटला. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. फुग्याखाली निर्जंतुक केलेली, आतून निर्वात अशी पोलादी नळकांडी होती आणि ती द्रवरूप निऑनने थंड ठेवलेली होती. त्या थंडीने हवा आत ओढली जाऊन गोठते. ठरावीक उंचीवर दूरनियंत्रणाने झडपा उघडायच्या आणि बंद करायच्या, मग सगळे हवाईछत्रीने खाली आणायचे. दुसरा फुगा २० एप्रिल २००५ चा. त्याचा भार ४५९ किलो, त्यात निऑन ३८ किलो. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्याने आणली. नमुने हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र संस्था आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासले गेले, म्हणजे एकाच्या हातून काही मिसळले तरी दुसऱ्याकडे ते उघडे पडावे.

जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांतल्या नऊ पृथ्वीवर माहीत असलेल्या जातींशी जुळणाऱ्या निघाल्या. तीन जिवाणू मात्र पूर्णपणे नवे होते आणि त्यांच्या पृथ्वीवरच्या जवळच्या भाईबंदांपेक्षा अतिनील किरणे अधिक सोसणारे होते. एकाला हॉयल यांचे नाव मिळाले, जॅनिबॅक्टर हॉयली. दुसऱ्याला इस्रोचे, तिसऱ्याला आर्यभटाचे. मार्च २००९ मध्ये इस्रोने हे जाहीर करताना सोबत एक सावध वाक्यही जोडले होते. या जिवांचे मूळ पृथ्वीबाहेरचे आहे असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण काम पुढे न्यायला हुरूप येतो, असा त्याचा आशय. अनेक बातम्यांनी हुरूप तेवढा उचलला आणि सावधपणा गाळला.

आक्षेपांत जोर होता. नव्या जाती पृथ्वीवरच्या जिवाणूंच्याच कुळातल्या, त्यांची जनुके त्याच भाषेतली. ज्वालामुखी आणि प्रचंड वादळे जमिनीवरचे कण वर फेकतात, हेही माहीत आहे. नवी जात म्हणजे परकी जात असे होत नाही. पृथ्वीवरच्या मूठभर मातीतही आपण अजून नाव न दिलेले जिवाणू असतात. तेव्हा फुग्याने परग्रहाचा पाहुणा आणला असे म्हणता येत नाही. पण ड्रेकच्या तक्त्यातल्या ज्या चौथ्या रकान्यापुढे जगभर नुसती मते मांडली जात होती, त्याच्यासाठी हैदराबादेहून कोणीतरी नळकांडी घेऊन वर गेले, हे मोल कमी नाही.

शिवाय या प्रयोगामागच्या कल्पनेत एक अडचण दडलेली आहे. हॉयल यांचे म्हणणे खरे निघाले तर ड्रेकचा गुणाकारच मोडतो. प्रत्येक ग्रहावर जीव वेगळा, स्वतंत्रपणे उगवतो असे तो गुणाकार धरून चालतो. पण बी वाऱ्यावर पसरत असेल तर जीव कुठेतरी एकदाच उगवणे पुरे. मग आकाशगंगेत जीव फार असतील, तरी ते सगळे एका बियाणाचे, आणि संख्याशास्त्राच्या हिशेबात निरीक्षण पुन्हा एकच. उलट मंगळाच्या जमिनीखाली किंवा गुरूच्या युरोपा या चंद्रावरच्या समुद्रात एखादा असा जिवाणू मिळाला की ज्याची रासायनिक भाषा आपल्याहून निराळी आहे, तर चित्र एका दिवसात पालटेल. एकाच सूर्याच्या अंगणात जीव दोनदा उगवला असेल, तर तीस कोटी जागांचा युक्तिवाद खरोखर वजनदार होईल. हुजूरबाजारांच्या अटीच्या दिशेने ते पहिले पाऊल. रेडिओ संदेशापेक्षा हा जिवाणू आधी सापडेल, अशी पैज लावायला हरकत नाही.

संदेशाच्या बाजूला काय स्थिती आहे? १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतल्या दुर्बिणीने ७२ सेकंदांचा एक ठळक संकेत टिपला. तो पुन्हा कधी आला नाही आणि कशाचा होता हेही निर्विवादपणे ठरलेले नाही. महाराष्ट्राचा कान मात्र तयार आहे. गोविंद स्वरूप यांनी नारायणगावजवळ खोडदला उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे श्यापरेली यान मंगळावर उतरताना त्याचा अगदी दुबळा संकेत या तबकड्यांनी सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून टिपला होता. यान आदळून फुटले, पण त्याचा शेवटचा आवाज पुणे जिल्ह्यात ऐकू आला. तेवढ्याच ताकदीचा संकेत ड्रेकच्या टाऊ सेटीवरून, म्हणजे बारा प्रकाशवर्षांवरून आला, तर तो याच्या सुमारे चाळीस हजार कोटी पट क्षीण असेल. आपले शेजारी आपापसांत बोलत असले तर ते आपल्याला ऐकू येणार नाही. आपल्या दिशेने तोंड करून, मुद्दाम आणि प्रचंड ताकदीने कोणी हाक मारली तरच ती पोचेल. तेव्हा आजवरच्या शांततेवरून आकाश रिकामे आहे असे ठरवणेही घाईचे आहे.

सातवी राशी, संस्कृतीचे आयुष्य, तिच्याबद्दल तर आपले एकमेव उदाहरणही अपुरे आहे. जगदीशचंद्र बोस आणि मार्कोनी यांच्या रेडिओ प्रयोगांना जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षे झाली. हे तंत्र आपण किती वर्षे टिकवू, हे अजून घडायचे आहे.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यांच्या फुग्यांनी सुरू केलेला शोध अनिर्णित आहे आणि मामांची अटही अजून पुरी झालेली नाही. आजच्या पुराव्यावर निकाल द्यायचाच तर असा देता येईल: सूक्ष्मजीव अनेक ठिकाणी असणे शक्य कोटीतले, बुद्धिमान शेजारी जवळपास असणे कठीण, आणि कोणी नेमका आकडा सांगितला तर त्याने चौथी आणि पाचवी राशी कुठून आणली हे आधी विचारावे. ज्यांना हे काम डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांच्यासाठी खोडदची दारे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास लोकांना उघडी होतात, आणि शाळकरी मुलांचे प्रकल्पही तिथे मांडले जातात. कोल्हापूरच्या शाळांनी त्या वर्षीची तारीख आधी विचारून घ्यावी आणि मुलांना घेऊन जावे.